पहिल्यांदा कोलोनोस्कोपीला जाताना

गेल्या दोन वर्षांत पाच-सहा जणांनी मला एकाच कामासाठी फोन केला. आधी मुलाबाळांची चौकशी, पावसापाण्याचं बोलणं, आणि मग आवाज एकदम खाली येतो. "ताई, तुमची ती खालून दुर्बीण घालून तपासणी झाली होती ना, त्यात नेमकं काय करतात हो?" प्रत्येकाला मी अर्धा-पाऊण तास सांगते. तेच आता नीट लिहून काढते आहे. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझी तपासणी दोनदा करावी लागली नसती.

माझं थोडक्यात असं झालं. दीड वर्ष शौचातून अधूनमधून रक्त जायचं. मूळव्याधच असणार असं धरून मी ताक, सुरण आणि मलमावर दिवस काढले. घरातही कुणाला सांगितलं नाही. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.६ निघालं. त्यांनी सरळ पोटविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. आम्ही साताऱ्याचे, तपासणी पुण्यात ठरली. पहिल्या वेळी पोट साफ नव्हतं म्हणून दुर्बीण अर्ध्यातूनच मागे घ्यावी लागली. तीन आठवड्यांनी पुन्हा सगळं केलं, तेव्हा डाव्या बाजूच्या आतड्यात एक पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर उगवलेला कोंभ, सापडला आणि त्याच वेळी काढूनही टाकला.

आत काय करतात

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. कोलोनोस्कोप म्हणजे करंगळीएवढी जाड, हवी तशी वळणारी लांब नळी. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. ती गुदद्वारातून आत घालून मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे पोटाच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत नेतात. आतडं फुगावं म्हणून हवा किंवा कार्बन डायऑक्साइड सोडतात, पाण्याच्या फवाऱ्याने जागा धुतात आणि नळी हळूहळू बाहेर काढताना आतलं अस्तर बारकाईने बघतात. खरी पाहणी या परतीच्या वाटेवर होते.

बायोप्सीसाठी तुकडा घ्यायचा असेल तर त्याच नळीतून बारीक चिमटा जातो. पॉलिप काढायचा असेल तर तारेचा फास जातो. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या डॉक्टरांनी अशा नळीतून पॉलिप काढायला सुरुवात केली. त्याआधी आतड्यात खोलवर असलेल्या कोंभासाठी पोट उघडावं लागे. सगळेच पॉलिप कॅन्सरकडे जात नाहीत, पण जे जातात त्यांनाही सहसा कित्येक वर्षं लागतात, आणि तेवढ्या अवधीत तो काढून टाकला तर तो धोका तिथेच संपतो. सोनोग्राफीत हे अस्तर असं दिसत नाही. "आधी सोनोग्राफी केली होती, नॉर्मल होती" असं म्हणून कुणी ही तपासणी टाळत असेल तर टाळू नका. आपल्याकडे आतड्याचा टीबी, अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन्स अशा दुखण्यांचं निदानही बऱ्याचदा याच तपासणीतल्या तुकड्यावरून होतं.

तारीख घेताना

तारीख घ्यायला गेलात की घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. नावं सांगण्यापेक्षा पाकीट दाखवलेलं बरं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन, लोहाच्या गोळ्या या चारांबद्दल स्पष्ट विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद करतात, कारण त्यांनी शौच काळं आणि चिकट होतं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. ती कधी थांबवायची, थांबवायची की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरतं. बीपीची गोळी बहुतेक वेळा त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल, पेसमेकर असेल, तर ते आत्ताच सांगा. पोट साफ करायचं औषध कोणतं द्यायचं हे किडनी-हृदयाच्या आजारावर ठरतं.

भूल देणार का, भूलतज्ज्ञ असणार का, त्यांचे पैसे वेगळे का, पॉलिप निघाला तर बिल किती वाढेल, बायोप्सीचे किती, हेही त्याच दिवशी विचारा. मेडिक्लेम असेल तर कंपनीला फोन करून घ्या. नुसती तपासणी म्हणून केलेली कोलोनोस्कोपी बऱ्याच पॉलिसींत बसत नाही.

आणि सूचनांचा कागद. मला मिळालेला कागद इंग्रजीत होता. काउंटरवरच्या मुलीने "आदल्या दिवशी हलकं खा आणि संध्याकाळी पावडर प्या" एवढं सांगितलं आणि पुढचा नंबर पुकारला. मी हलकं म्हणून मोड आलेल्या मटकीची उसळ आणि ज्वारीची भाकरी खाल्ली. तिथेच सगळं चुकलं. कागद कळत नसेल तर तिथल्या सिस्टरना शेजारी बसवून एकेक ओळ मराठीत समजून घ्या. तो आपला हक्क आहे आणि त्यांचं ते कामच आहे.

तीन दिवस आधीपासून खाणं

आपण ज्याला पौष्टिक म्हणतो ते सगळं या तीन दिवसांत नको. चोथा उरेल असं काहीही नको. भाकरी, पालेभाज्या, मोडाची कडधान्यं, सालीसकट डाळ, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, पेरू, डाळिंब, शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं बंद. बिया सर्वांत वाईट. दुर्बीण धुताना चोथा वाहून जातो, पण टोमॅटोची आणि पेरूची बी शोषून घेणाऱ्या नळीत अडकते, असं मला तिथल्या तंत्रज्ञाने सांगितलं.

चालतं काय? पांढऱ्या तांदळाचा मऊ भात, पातळ गाळलेलं मुगाचं वरण, दही-भात, साल काढलेला उकडलेला बटाटा, साधा रव्याचा उपमा (कढीपत्ता, मिरची, मटार न घालता), पांढरा ब्रेड, इडली. खाणाऱ्यांना अंडं आणि मासेही चालतात. मी दुसऱ्या वेळी तीन दिवस दही-भात आणि बटाट्यावर काढले. कंटाळा आला, पण भूक राहिली नाही.

दोन गोष्टींत बऱ्याच जणांची गफलत होते. एक म्हणजे इसबगोल. पोट साफ व्हावं म्हणून लोक आदल्या दोन दिवसांत इसबगोलाचा डोस वाढवतात. इसबगोल म्हणजे निव्वळ चोथा. तो आतड्याला चिकटून बसतो. तो आधीच बंद करा. एरंडेल, त्रिफळा हेही मनाने घेऊ नका. दुसरी म्हणजे उपास. मध्येच एकादशी आली तर साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस हलका वाटतो. खिचडीतलं दाण्याचं कूट आणि रताळ्याचे धागे दोन्ही नकोत. त्या एकादशीला पांडुरंगाची माफी मागा आणि दही-भात खा.

आदला दिवस

या दिवशी बहुतेक ठिकाणी सकाळी थोडंसं खायला परवानगी देतात आणि मग फक्त पारदर्शक द्रव पदार्थ. कसोटी सोपी आहे: काचेच्या पेल्यात ओतल्यावर पलीकडचं दिसलं तर चालतं. पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, गाळलेलं नारळपाणी, दुधाशिवाय चहा, गाळलेल्या वरणाचं वरचं पाणी, ओआरएस. दूध, ताक, पेज नाही. आणि लाल-जांभळ्या रंगाचं काहीही नाही. कोकम सरबत आणि सोलकढी तर अजिबात नाही, कारण तो रंग आत रक्तासारखा दिसतो. मधुमेह असेल तर ग्लुकोमीटर हाताशी ठेवा आणि साखर उतरतेय असं वाटलं तर लगेच साखरपाणी घ्या. ते याच पारदर्शक द्रवात मोडतं.

पावडर

सगळे घाबरतात दुर्बिणीला, पण कष्ट असतात ते इथे.

आपल्याकडे बहुतेक वेळा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. साधारण १३७ ग्रॅमचं पाकीट २ लिटर पाण्यात विरघळवायचं असतं. ती आतड्यातून शरीरात फारशी शोषली जात नाही, पाणी आपल्याबरोबर धरून ठेवते आणि सगळं धुऊन खाली आणते. म्हणूनच दिलेलं पूर्ण पाणी प्यावं लागतं. पहिल्या वेळी मी पाऊण लिटर प्यायले, पोट दोनदा धो-धो साफ झालं आणि मला वाटलं, झालं काम. नव्हतं झालं.

दुसऱ्या वेळी मी असं केलं. दोन लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा जग आणला. त्याच्यावर मार्करने वरून खाली आठ रेघा मारल्या, म्हणजे दर रेघेला एक पेला, २५० मिली. पावडर दुपारीच माठाच्या पाण्यात कालवून जग फ्रीजमध्ये ठेवला. थंड झाल्यावर तिची खारट-तेलकट चव बरीच दबते. स्ट्रॉ जिभेच्या मागच्या बाजूला धरून प्यायचं, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला, आणि मध्ये लिंबाची फोड नुसती चाटायची. चौथ्या पेल्यापाशी मळमळलं. तेव्हा अर्धा तास थांबले, घरातल्या घरात फेऱ्या मारल्या आणि पुन्हा सुरू केलं. थांबलं तरी चालतं, सोडायचं नाही. उलटी झाली किंवा पोट फुगून असह्य दुखायला लागलं तर मात्र तसंच पीत राहू नका, रुग्णालयाला फोन लावा.

बऱ्याच ठिकाणी आता अर्धी पावडर आदल्या संध्याकाळी आणि अर्धी तपासणीच्या दिवशी पहाटे देतात. पहाटे चारला उठायचं जिवावर येतं. पण तुमचे डॉक्टर तसं सांगत असतील तर तसंच करा. आतडं अशाने जास्त स्वच्छ राहतं.

पहिल्या पेल्यानंतर तासाभरात हाक येते आणि मग येतच राहते. आधीच तयारी हवी. गुदद्वाराजवळ सुरुवात करण्याआधीच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावून ठेवा, आणि दर वेळी धुतल्यावर पुन्हा. नाहीतर सहाव्या-सातव्या खेपेनंतर आग होते. घासून पुसू नका, सुती कपड्याने नुसतं टिपा. इतकं थंड पाणी पोटात गेल्यावर हुडहुडी भरते, शाल जवळ ठेवा. घरात एकच संडास असेल तर बाकीच्यांना आधीच सांगून ठेवा. चाळीत सामाईक असेल तर त्या रात्री संडास असलेल्या नातेवाइकाकडे राहायला जा, यात संकोच कसला.

वयस्कर माणसाच्या बाबतीत एक गोष्ट कळकळीने सांगते. रात्रभर फेऱ्या, पोटात अन्न नाही, अंगातलं पाणी गेलेलं, आणि भारतीय पद्धतीचा संडास. उठताना चक्कर येते. दिवा चालू ठेवा, आतून कडी लावू देऊ नका, फरशी कोरडी ठेवा आणि भाड्याने का होईना, कमोडची खुर्ची आणा. घरातलं एक माणूस त्या रात्री जागं हवं.

पोट साफ झालं हे कसं ओळखायचं? खेपा किती झाल्या यावरून नाही, रंगावरून. शेवटी लघवीसारखं फिकट पिवळं, पारदर्शक पाणी पडायला हवं. पूर्ण पावडर पिऊनही गढूळ, तपकिरी पडत असेल तर सकाळी गेल्या गेल्या सिस्टरना सांगा. त्या जास्तीचं औषध किंवा एनिमा देतात. लपवलं तर माझ्यासारखी दुसरी फेरी होते.

रुग्णालयात

पाणी पिणं कधी बंद करायचं त्याची वेळ दिलेली असते. ती पाळा, कारण भुलेत पोटातलं पाणी वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. सोबत एक जबाबदार माणूस हवंच. त्याशिवाय बहुतेक ठिकाणी भूल देत नाहीत. जुनी फाईल, गोळ्यांची यादी, आधारकार्ड, एक जादा अंतर्वस्त्र आणि घरी जाताना प्यायला ओआरएस एवढं पिशवीत ठेवा. नेलपॉलिश आदल्या दिवशीच काढा, कारण बोटाला लावायच्या चिमट्याला ऑक्सिजन मोजताना अडथळा होतो. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी घरीच ठेवलेली बरी. पॉलिप काढताना विजेचा वापर होतो, त्यामुळे अंगावर धातू ठेवू देत नाहीत, आणि रुग्णालयात दागिने सांभाळत बसण्याची कटकट नको. पाळी चालू असली तरी तपासणी होते. फक्त सिस्टरना सांगा.

गेल्यावर संमतीपत्रावर सही घेतात. त्यात आतड्याला छिद्र पडण्याचा धोका लिहिलेला असतो, तो वाचून पुष्कळ जण हादरतात. नुसत्या तपासणीत हे साधारण हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना होतं; पॉलिप काढताना थोडं जास्त. घाबरायला नको, पण सही करण्याआधी विचारायचं ते विचारून घ्या.

मग मागून उघडा असलेला गाऊन किंवा मागे फट असलेली कागदी चड्डी देतात. हाताच्या शिरेत सुई लावतात. बायकांसाठी सांगते: आत एखादी बाई असावी असं वाटत असेल तर तसं म्हणा. मी दुसऱ्या वेळी म्हटलं. तिथल्या मावशी शेवटपर्यंत माझ्या डोक्याशी उभ्या राहिल्या आणि डॉक्टर येईपर्यंत त्यांनी माझ्या अंगावरची चादर जराही सरकू दिली नाही. ज्या लाजेपायी मी दीड वर्ष गप्प बसले ती त्या खोलीत पाच मिनिटंही टिकली नाही. तिथल्या लोकांना आपलं शरीर म्हणजे रोजचं काम असतं, आणि ते ते जपून करतात.

डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं. नाकाला ऑक्सिजनची नळी, बोटाला चिमटा, दंडाला बीपीचा पट्टा. भूल दिली की शिरेत किंचित जळजळतं आणि पुढचं बहुतेकांना आठवत नाही. मला मावशींचा "झालं हं ताई" हा आवाजच आठवतो. सगळं मिळून वीस ते चाळीस मिनिटं लागतात. भूल न घेताही ही तपासणी करतात. तेव्हा आतड्याच्या वळणांवर पोटात मुरडा मारल्यासारखं दुखतं, संडासला लागल्यासारखं वाटतं. डॉक्टरांना सांगितलं की ते थांबतात, आत सोडलेली हवा काढून घेतात. त्यातून लगेच उठून घरी जाता येतं हा फायदा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर भुलेचा निर्णय डॉक्टरांवर सोडा.

नंतर

शुद्धीवर आल्यावर तास-दोन तास तिथेच झोपवून ठेवतात. पोट गच्च फुगल्यासारखं वाटतं. आत हवा आहे, ती सोडायची. लाजून धरून ठेवली की दुखतं. त्या खोलीत सगळे तेच करत असतात. कूस बदलली, थोडं चाललं की मोकळं वाटतं. घरी गेल्यावर पहिलं खाणं मऊ भात-वरण किंवा पेज. भूल घेतली असेल तर चोवीस तास गाडी चालवायची नाही, गॅसजवळ एकट्याने उभं राहायचं नाही, पैशाच्या किंवा जमिनीच्या कागदावर सही करायची नाही. डॉक्टर शुद्धीवर आल्या आल्या काय सापडलं ते सांगतात, पण आपल्याला त्यातलं निम्मं आठवत नाही. म्हणून सोबतच्या माणसाला त्या वेळी आत बोलवा.

तुकडा घेतला असेल तर एक-दोन वेळा शौचाबरोबर रक्ताची पुसट रेघ दिसू शकते. पण पोट दगडासारखं कडक झालं, दुखणं वाढतच चाललं, ताप आला, उलट्या सुरू झाल्या, रक्ताच्या गुठळ्या पडल्या किंवा रक्त थांबेचना, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री जा. पॉलिप काढल्यानंतर रक्तस्राव दहा-बारा दिवसांनीही होऊ शकतो, म्हणून पुढचे दोन आठवडे लांबचा प्रवास ठेवू नका. बंद केलेली रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा कधी सुरू करायची हे निघायच्या आधी विचारा. हे विसरलं जातं.

बायोप्सीचा रिपोर्ट यायला आठवडाभर लागू शकतो. तोवरचे दिवस जड जातात. माझा आला तो अॅडेनोमा, म्हणजे पुढे कॅन्सरकडे जाऊ शकला असता असा, पण अजून गेलेला नव्हता. पुढची तपासणी कधी करायची हे पॉलिप किती, केवढा आणि कसला यावर ठरतं. तो महिना आणि ते साल फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर काही त्रास नसतानाही वयाच्या ४० व्या वर्षी, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या १० वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा ही तपासणी सुचवतात.

रिपोर्ट आल्यावर मी धाकट्या भावाला सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "ताई, मलाही वर्षभर जातंय." आमच्यात दोन गल्ल्यांचं अंतर, आणि दोघंही एकमेकांपासून तेच लपवत होतो. पुढच्या गुरुवारी त्याची तारीख आहे. आठ रेघांचा तो जग धुऊन, त्यात दोन लिंबं टाकून मी काल त्याच्याकडे पोचवला.